ईस्टरच्या रविवारी नेवेना बोलली

पाक्से, लाओस
१९ मार्च २००६

राडमिला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र शेगडीत घातलं नाहीस, तर वाच. घातलंस तरी माझं म्हणणं काही नाही.

आज दिवसभर बसमध्ये होते. शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती. तिकिटावरची तारीख बघितली आणि लक्षात आलं, आपल्या आईला जाऊन आज दोन वर्षं झाली. ही तारीख मला तुझ्याकडूनच कळली होती, बारा दिवस उशिरा. मी सोंबोरच्या बसस्टँडवर उतरले, पाठीवर नेपाळची धूळ, आणि तू समोर काळ्या कपड्यांत. तेव्हा मी तुला जे बोलले त्यातलं काही परत घेण्यासाठी हे लिहीत नाहीये. फक्त आज कुणाशी तरी जगण्या-मरण्याचं बोलावंसं वाटलं आणि इथे सगळी वीस-बावीस वर्षांची पोरं आहेत. एका खोलीत आठ खाटा. मी चौतीस वर्षांची, म्हणून ती माझ्याकडे जुलाबाच्या गोळ्या मागतात आणि घरी फोन करावा का असं विचारतात. मी म्हणते, करा.

कवळ्या बनवायचं काम सोडलं हे तुला कळलंच असेल. नोवी सादची खोलीही सोडली. सर्बिया सोडून आठ महिने झाले, अकरा किलोचं ओझं पाठीवर घेऊन फिरते आहे. कुठे पोचायचं होतं असं नाही. आता मात्र आहे. इथून खाली कंबोडियात उतरते, काम्पोटला, नेवेना आणि तिच्या नवऱ्याकडे, ओग्नेनकडे. स्तानिया मावशीच्या स्वयंपाकघरात मी आणि तिची लेक नेवेना एका ताटात जेवायचो तेव्हा तू आम्हाला ‘दोन तोंडांची मांजर’ म्हणायचीस. ती दोघं महिनाभर फिरायला म्हणून गेली आणि पाच वर्षं झाली, तिकडेच नदीकाठी पाच खोल्या भाड्यानं देतात, आमच्यासारख्या भटक्यांना. नेवेनानं सप्टेंबरपासून मला एक ओळ लिहिलेली नाही. ओग्नेन संगणकावरून दोन ओळी पाठवतो : ये, खोली ठेवलीय.

भेटले की तिचे केस उपटणार आहे.

उत्तराची अपेक्षा नाही. तरी पाकिटाच्या मागे त्यांचा पत्ता लिहिला आहे.

मिरियाना


काम्पोट
२७ मार्च

राडमिला,

पोचले. ओग्नेन दारातच होता. मला बघून ओरडला, “आली गं बाई गोगलगाय! घर पाठीवर, शिंगं पुढे!” मग मिठी मारली आणि सोडेचना. वाळलाय. केस गेलेत. मी म्हटलं, “तुझी बायको जेवायला घालत नाही का?”

“बायको सायगॉनला आहे,” तो म्हणाला. “घशात गाठी झाल्यात. डॉक्टरांनी बोलायची बंदी केलीय.”

“नेवेनाला? बोलायची बंदी?”

“म्हणून तर परक्या देशात ठेवलीय. इथे असती तर अर्ध्या तासात मोडली असती.”

आम्ही दोघं हसलो. मी आठशे किलोमीटर धूळ खात आले आणि ही बाई एक चिठ्ठी ठेवून गेली नाही याचा मला राग आला होता, पण हसले.

इथे सकाळी पाव भाजतात, दहा वाजता भट्टीतून चीज भरलेला बुरेक निघतो, अगदी आपल्याकडच्यासारखा तेलकट. सोफिआप नावाची बाई पीठ मळते. पन्नाशीची असेल, थोडंसं इंग्रजी बोलते, माझ्याकडे बघत नाही. जेवणाच्या खोलीत फळा आहे. त्यावर नेवेनाच्या अक्षरात पदार्थ लिहिलेत. निम्मे मिळत नाहीत. काल एका डच पोरानं खसखशीची गुंडाळी मागितली. ओग्नेन म्हणाला, नाही. पोरगं म्हणालं, मग लिहिलंय कशाला? ओग्नेननं त्याचं ताट उचललं आणि आत गेला. मी फडकं घेऊन ती ओळ पुसायला गेले तर आतून असा ओरडला की माझ्या हातातून फडकं पडलं.

दर शुक्रवारी तो स्तानिया मावशीला पत्र टाइप करतो, नेवेनाच्या वतीनं. मावशीला आता अक्षर दिसत नाही, शेजारीण वाचून दाखवते. “नेवेना फोनवर मला लिहून पाठवते, मी टाइप करतो,” असं म्हणाला. मी विचारलं, मग तीच सायगॉनहून का टाकत नाही? तर म्हणाला, “तू अजूनही प्रश्नच विचारतेस का गं सगळ्यांना?”

चार दिवसांनी मी सायगॉनला जाते आहे. त्याला सांगितलेलं नाही.

मि.


काम्पोट
३ एप्रिल

राडमिला,

बसून वाच.

परवा सायगॉनच्या गाडीचं तिकीट घेऊन मी स्वयंपाकघरात आले. सोफिआपला म्हटलं, मी नेवेनाला भेटायला जाते, तिच्यासाठी काही द्यायचं आहे का? ती जमिनीवर बसली. पिठाचे हात तसेच. म्हणाली, “सायगॉनला जाऊ नको. ती इथे आहे. पॅगोडात.”

मला वाटलं, नेवेना भिक्षुणी झाली. खरंच तसं वाटलं मला, आणि तिथे पोचेपर्यंत, सोफिआपच्या सायकलच्या मागे बसून, मी तिला चिडवायला काय काय बोलायचं ते ठरवत होते.

लाकडी फळीवर ओळीनं मडकी आहेत, झाकणाची. त्यातल्या एकावर चिकटपट्टी लावून तिचं नाव आपल्या लिपीत लिहिलंय. ओग्नेनचं अक्षर. चौदा ऑक्टोबर.

डेंगी झाला. चार दिवसांत संपलं. नदीला पूर आला होता आणि राजधानीचा रस्ता दोन ठिकाणी खचला होता. सोफिआप सांगत होती की तिसऱ्या दिवशी नेवेना शुद्धीत होती, पाव करपला म्हणून ओरडली, आणि खरंच करपला होता. इथे जाळतात, तशीच जाळली. सगळं गाव आलं होतं म्हणे.

मी परत आले तेव्हा ओग्नेन बाहेर खुर्च्या मांडत होता. माझं तोंड बघून त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला.

“फोन लावला होता मी,” तो म्हणाला. “त्याच दिवशी. मावशीनं उचलला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, नेवेनाला सांग, भोपळ्या मिरच्या भाजतेय, घरभर वास सुटलाय. कुठाय ती? मी म्हटलं, बाहेर गेलीय.”

“आणि मग?”

“मग काय? एकदा बाहेर गेलीय म्हटलं, मग परत आणायची कशी?”

“सहा महिने होत आले, ओग्नेन!”

“मावशीचं हृदय किती कमजोर आहे ते तुला माहीत आहे. आणि काय सांगू? पोरगी मेली, आणि आपल्यात पुरतात तरी मी तिला जाळली? मावशीनं नवऱ्याच्या थडग्याच्या बाजूला लेकीसाठीही जागा घेऊन ठेवलीय. मी तिथे मडकं घेऊन जाऊ?”

मग मी त्याला सगळं बोलले. राडमिला, तुला जे बोलून झालं होतं ते, आणि जे बोलायचं राहिलं होतं तेही. दुसऱ्याचं दुःख असं दाबून ठेवायचा हक्क कुणाला नाही. रडायची वेळ असते, ती चोरलीस तर ती परत देता येत नाही. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “राडमिलानं बारा दिवस लपवून ठेवलं, तर तू दोन वर्षं बोलली नाहीस. माझ्याशी किती वर्षं नाही बोलणार?”

एक मागते. मावशीला अजून काही सांगू नकोस. मी काहीतरी मार्ग काढते.

हे वाक्य लिहून मी थांबले आणि वरच्या सगळ्या ओळी वाचल्या. तरी खोडत नाही. सांगू नकोस.

मि.


काम्पोट
२५ एप्रिल

राडमिला,

तुझं काही आलेलं नाही. कदाचित टपाल वाटेत असेल.

मी एक वाईट काम केलं आहे आणि ते तुला सांगते आहे, कारण आता ते तुझ्याकडूनच निस्तरायला हवं.

ईस्टरच्या आधी मावशीचा फोन आला. मी शेजारी होते, आवाज बाहेरपर्यंत येत होता. ओग्नेनला म्हणाली, “जावईबापू, मी आंधळी झाले, मूर्ख नाही झाले. सणाच्या दिवशी मी ‘ख्रिस्त उठला’ म्हटल्यावर माझ्या लेकीनं मला ‘खरोखर उठला’ म्हटलं नाही, तर मी समजून जाईन. मग मला पत्रं पाठवू नका.” आणि ठेवला.

ओग्नेन दोन दिवस काही खात नव्हता. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, “दोन शब्द. घसा बसलेला. दोन शब्द, मिरियाना. त्यानंतर मी स्वतः जाऊन तिला सांगतो, शप्पथ. फक्त सण जाऊ दे.”

मी नाही म्हटलं. मी त्याला हलकट म्हटलं. रविवारी दुपारी फोन वाजला तेव्हा मी बुरेकचे तुकडे करत होते, आणि तो उचलून मीच कानाला लावला. असं का केलं ते मी तुला सांगू शकत नाही. त्यानं माझा हात धरला नव्हता.

मावशी म्हणाली, “ख्रिस्त उठला, बाळा.”

मी आवाज घोगरा करून म्हटलं, “खरोखर उठला.”

मला वाटलं ओळखलं. मग ती रडायला लागली. “आहेस गं! आहेस! अगं, मला काय काय वाटत होतं! सगळ्यांना वाटत होतं, मला कुणी सांगत नव्हतं. बोलू नको, बोलू नको, घसा जपायचा. मी बोलते, तू ऐक.”

आणि ती बोलत राहिली. अंडी रंगवलीत, कांद्याच्या सालीनं, हातानं चाचपडत. एक लाल अंडं नेवेनाच्या फोटोपुढे ठेवलंय. शेजारणीचा कुत्रा मेला. राडमिला येऊन लाकडं रचून गेली. हो, तुझंही नाव आलं. म्हणाली, “राडमिला बिचारी एकटी पडलीय. ती मिरियाना तोंड फिरवून गेली ती गेली. तू तिला पत्र लिही, तुझं ऐकेल ती.”

मी काय म्हणणार होते? मी म्हटलं, “हो, आई.”

हा शब्द मी दोन वर्षांत उच्चारला नव्हता. आणि तो अशा ठिकाणी खर्च केला.

ओग्नेन आता जायचं नाव काढत नाही. म्हणतो, बघ ना, किती आनंदात आहे, आता कुठल्या तोंडानं सांगू? मला त्याचं बरोबर वाटायला लागलं आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते. म्हणून तू जा. फादरना बरोबर ने, डॉक्टरला बाहेर उभं कर, काय करायचं ते कर, पण जा. सांग. तुला हे काम सांगायचा मला अधिकार नाही हे मला कळतं.

मिरियाना


काम्पोट
३० मे

ताई,

तुझं पत्र पोचलं. दोन वर्षांनी पहिलं, आणि अडीच पानं, आणि एकही शिवी नाही. असती तर बरं झालं असतं.

तू गेलीस. धन्यवाद म्हणायला जीभ वळत नाही. मावशीनं कॉफी केली, तुला साखर किती ते तिला अजून आठवतं, तू सगळं नीट सांगितलंस, फादर प्रार्थना म्हणायला लागले, आणि ती उठून उभी राहिली. तिचे शब्द तू जसेच्या तसे लिहिलेस : “ईस्टरला माझी लेक माझ्याशी बोलली. माझ्या कानानं ऐकलंय मी. आणि राडमिला, तू स्वतःची आई मेली तरी सख्ख्या बहिणीला सांगितलं नाहीस. आता माझी जिवंत पोरगी मेली म्हणून सांगतेस? तुझ्या तोंडून कधी खरं निघतं का गं?” आणि तुम्हाला दोघांना दाराबाहेर काढलं.

हे मी तुझ्यावर आणलं. माझ्या आवाजानं.

तिनं त्याच संध्याकाळी इथे फोन केला. मला, म्हणजे नेवेनाला, म्हणाली, “त्या राडमिलाचं डोकं फिरलंय, तिच्यासाठी मेणबत्ती लाव.” मी तेव्हा सांगायला हवं होतं. फोन हातात होता. मी म्हटलं, “मावशी,” आणि तिनं विचारलं, “काय? ऐकू नाही आलं, बाळा, काय म्हणालीस?” आणि मी म्हटलं, “लावते.”

आता दर रविवारी वाजतो. ओग्नेन फोन वाजायच्या आधीच नदीवर जाऊन बसतो. सोफिआप पीठ टाकून बाहेर जाते, तिला ते पाप वाटतं, मेलेल्याच्या नावानं बोलणं. परत आली की माझ्याकडे न बघता हात धुते. तिघांत मी एकटीच उरते, मग मीच उचलते. घसा बसवायला आता प्रयत्न करावा लागत नाही.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस, आता तरी कळलं का? आई तुझ्याकडे हट्ट धरून बसली होती, पोरीची सहल मोडू नका म्हणून, आणि तू तिला वचन दिलंस, हे तू तेव्हाही सांगितलं होतंस. कळलं. पण कळल्यानं काही हलकं झालं असं नाही. मी तुला माफ केलं असं लिहायला बसले होते आणि ते खोटं वाटलं. खोटं आता पुरे.

एक मात्र खरं आहे ते लिहिते. तेव्हा पोखऱ्याहून मी फोन केला होता, आठवतं? तू म्हणालीस, सगळे बरे आहेत. तुझा आवाज मला नीट ऐकू आला होता. त्यात काय आहे ते मला कळलं होतं. मी म्हटलं, “ताई, लाइन खराब आहे, ठेवते.” लाइन चांगली होती. मला दुसऱ्या दिवशी डोंगरावर जायचं होतं.

दोन वर्षं मी तुला चोर म्हणत राहिले.

मिरियाना


काम्पोट
१९ ऑगस्ट

ताई,

तू पाठवलेलं पाकीट काल मिळालं.

तीन रविवार फोन वाजला नव्हता. पहिल्या रविवारी मी तासभर बसून राहिले. दुसऱ्या रविवारी ओग्नेनसुद्धा नदीवर गेला नाही, समोर येऊन बसला. इकडून फोन लावायचं धाडस कुणालाच झालं नाही, म्हणून तुझ्या पत्राची वाट बघत होतो.

मावशी झोपेत गेली हे बरं. डॉक्टर म्हणतात त्रास झाला नसेल, तर नसेल झाला. ज्या बाईनं तुला घराबाहेर काढलं तिला तू आंघोळ घातलीस, कपडे चढवलेस, याबद्दल मी काही लिहीत नाही. मला ते जमलं नसतं.

पत्राच्या घडीत तो कागद होता, काळ्या चौकटीचा. आधी मला कळलंच नाही तू तो का पाठवलास. मृत्यूची सूचना, आपल्याकडे प्रत्येकाची लावतात तशी, दारावर, विजेच्या खांबांवर, चर्चच्या फाटकावर. वरती मावशीचा फोटो, चाळीस वर्षांपूर्वीचा, वेणी घातलेली. मग खालची ओळ वाचली.

‘शोकाकुल : मुलगी नेवेना, जावई ओग्नेन.’

तू लिहिलं आहेस की मजकूर तिनं स्वतःच जूनमध्ये छापखान्यात जाऊन सांगून ठेवला होता. तुझ्याबरोबर भांडण झाल्यानंतर. फक्त तारीख मोकळी सोडली होती. तुला कळेपर्यंत पोरं गोंदाची बादली घेऊन निघाली होती आणि गल्लीत सगळीकडे कागद लागलेसुद्धा.

ओग्नेननं तो कागद माझ्या हातातून घेतला. वाचला. म्हणाला, “तिच्या नावाची सूचना मी कुठेच लावली नाही.” मग म्हणाला, “आता लावता येणार नाही.” खुर्चीवरून उठून आत गेला. फळा उतरवल्याचा आवाज आला. त्यानं तो पुसला नाही, भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा केला. दुपारी खोल्या घ्यायला दोघं आली होती, त्यांना सोफिआपनं परत पाठवलं. आता इथे काय राहिलंय, कोण चालवणार, त्याचं त्याला माहीत नाही. मला विचारतो, तू कधी निघतेस? मी सांगते, बघू. कुठे निघणार?

ताई, तुझ्या पत्रातली शेवटची गोष्ट मी कितीदा वाचली. मातीच्या दिवशी स्मशानाच्या फाटकात बायका तुझ्याभोवती जमल्या. काय गं, एकुलती एक लेक, ती मातीलासुद्धा आली नाही? काळीज आहे का दगड? शेजारीण तर थुंकली म्हणतेस. तुझ्याजवळ खरं होतं, आता ते ऐकून कुणाचं हृदय बंद पडणार नव्हतं, फादरही शेजारीच उभे होते. आणि तू म्हणालीस, “विमान मिळालं नाही तिला. फार रडत होती फोनवर.”

बरं केलंस असं लिहायचं होतं. तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं, खाडाखोड दिसेल तुला. वाईट केलंस असंही लिहिता येत नाही. खरं सांगायचं म्हटलं तरी ज्याला सांगायचं तो माणूसच आता तिथे राहिला नाही.

पाऊस पडला की ते कागद गळून पडतील. तोपर्यंत आपल्या गल्लीत प्रत्येक खांबावर नेवेना जिवंत आहे आणि आईसाठी रडते आहे.

मिरियाना